मामाचा सत्यवादी विषाणू

माझा मामा लोकांना गाडी चालवायला शिकवतो आणि थापा मारतो. यातलं पोटापाण्यासाठी कोणतं आणि हौसेखातर कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात त्याला थापामामा म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. त्याला राग येत नाही. उलट नव्या माणसाला तो स्वतःच सांगतो की हे नाव त्याला एका परदेशी राजदूताने दिलं, ज्याला त्याने अरुंद गल्लीत गाडी लावायला शिकवलं होतं. राजदूताला आपली भाषा येत होती का, असं कुणी विचारलं तर म्हणतो, "तीही मीच शिकवली."

त्याच्या धंद्यालाच थाप लागते, हेही खरं. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशीसुद्धा एक क्लच आणि एक ब्रेक असतो. मामा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो, "हा ब्रेक नुसता शोभेचा आहे, नियम म्हणून लावावा लागतो. गाडी सर्वस्वी तुमच्या हातात." आणि मग तासभर त्या शोभेच्या ब्रेकवर नाचतो. गाडी समोरच्या ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली की म्हणतो, "वा! काय वेळेवर ब्रेक मारलात!" विद्यार्थी खूश. त्याच्याकडे एक दातांचे डॉक्टर शिकायला येत. त्यांना थांबणं आणि सुसाट सुटणं यांच्या मधलं काही माहीतच नव्हतं. एक निवृत्त बाई येत. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं असं त्यांना लहानपणी कुणीतरी शिकवलं होतं, त्यामुळे मागच्या सीटवरच्या माणसाशीही त्या तशाच बोलत. दोघांनाही मामाने सांगून टाकलं होतं की तुमच्यासारखा हात मी आजवर पाहिला नाही. यात मात्र थाप नव्हती.

मागे एकदा एका नवशिक्याच्या हातून भलतंच झालं. रस्ता वळला, गाडी वळली नाही, आणि मामाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत ती कडेच्या गाद्यांच्या दुकानात शिरली. कुणाला खरचटलंही नाही. ही हकिकत मामाने इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितली की शेवटी शेवटी तिच्यात दुकानदार त्याचा सत्कार करायला लागला. "एका बाजूला काचसामानाचं दुकान, दुसऱ्या बाजूला गाद्यांचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत निर्णय घेतला." निर्णय खरं तर गाडीने घेतला होता. आम्ही पोट धरून हसलो आणि विसरून गेलो.

आता मुद्द्याचं. मामाला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं झाली. तो कसा लागला ते मामीला ठाऊक आहे. तिला जो जाब विचारायचा होता तो तिने तेव्हाच विचारला, आणि ते प्रकरण त्या दोघांचं आहे. मामीला लागण नाही. मामा रोज एक गोळी घेतो. त्या एका गोळीत तीन औषधं असतात, आणि त्यांच्या धाकाने विषाणू इतका दबून बसला होता की रक्ताच्या तपासणीत सापडतच नव्हता. जो सापडत नाही तो मामीलाही लागत नाही, असं डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका तपासणीत तो सापडला. पुढच्या तपासणीत बराच सापडला.

दवाखान्यात काय झालं ते मामाच्या तोंडून ऐकण्यात काही अर्थ नसे, म्हणून मामी मला त्याच्याबरोबर पाठवायची. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करते आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याच्या गोष्टी. मी सिनेमाच्या तिकीट-खिडकीवर बसते. माझं काम दुपारनंतरचं, त्यामुळे सकाळी मी मामाची अधिकृत साक्षीदार.

"गोळी रोज घेता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

साध्या माणसाने 'हो' म्हटलं असतं.

"डॉक्टर," मामा खुर्चीत पुढे सरकला, "एक वेळ सूर्य उगवायचा राहील. एकदा तर आमच्याकडे छातीइतकं पाणी भरलं होतं. मी एका हाताने पोहतोय, दुसऱ्या हातात गोळी उंच धरलेली..."

"कधी भरलं होतं पाणी?"

"तेव्हा," मामा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मामाला पोहता येत नाही.

बाई शांत होत्या, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. एक तर मामा गोळ्या चुकवतोय, नाहीतर विषाणू औषधाला निर्ढावलाय. चुकवत असेल तर आधी ते थांबवायला हवं, कारण अर्धवट औषधासारखी विषाणूला दुसरी शाळा नाही. आणि निर्ढावला असेल तर औषध बदलावं लागेल. जास्त गोळ्या, जास्त त्रास, आणि त्यापुढे हातात फारसे पर्याय उरत नाहीत. "म्हणून मला खरं काय ते कळायला हवं, मास्तर. तुम्ही चुकवत असाल तर मी रागावणार नाही."

"मी चुकवत नाही," मामा म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "वाटलं तर त्या राजदूताला विचारा."

घरी आल्यावर मी मामीला सगळं जसंच्या तसं सांगितलं, पोहण्यासकट. मामी सुईत दोरा ओवत होती. तिने तो नीट ओवला, गाठ मारली आणि मगच बोलली.

"अहो, आजवर तुमच्या सगळ्या थापा मी ऐकून घेतल्या. राजदूत ऐकला, सत्कार ऐकला. ही गोळी मात्र तुमची एकट्याची नाही, तिच्यावर माझाही जीव अवलंबून आहे. तिच्या बाबतीत खोटं बोलत असलात तर मी बहिणीकडे निघून जाईन. आणि परत येणार नाही."

मामा हसला नाही. मामी पोकळ धमकी देत नाही; ती कापड कापते तेव्हा आधी मोजून घेते. घरात तिच्या शिलाईयंत्राशेजारी एक स्टूल आहे, त्यावर तो बसून राहिला आणि नुसता म्हणाला, "अगं, घेतो गं मी." पण लांडगा आला, लांडगा आला म्हणून गाव गोळा करणाऱ्याचं पुढे काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. मलासुद्धा तो खोटं बोलतोय असंच वाटलं.

डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला होता: काही आठवडे गोळी कुणाच्यातरी समोर घ्यायची. ते कुणीतरी म्हणजे अर्थातच मामी. मामाची पहिली शिकवणी रस्ते मोकळे असतात तेव्हा, म्हणजे उजाडता उजाडता. तो तोंड धुऊन, उपाशीपोटीच बाहेर पडायचा. मामी दारात उभी राहायची. तो गोळी जिभेवर ठेवायचा, पाणी प्यायचा, मग आ करून दाखवायचा, जीभ उचलून दाखवायचा, गाल आतून ताणून दाखवायचा. त्या दातांच्या डॉक्टरांनाही एवढं कुणी दाखवलं नसेल. चार दिवसांत त्याला त्यात गोडी लागली आणि तो गोळी हवेत उडवून तोंडात झेलायला लागला. मामीने एकदाच डोळे वटारले, तेव्हा बंद केलं.

पुढची तपासणी झाली. विषाणू तेवढाच.

आता मामी बुचकळ्यात पडली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी गोळी घशाखाली जाताना पाहिली होती. तिचा तिच्या डोळ्यांवर विश्वास होता, नवऱ्यावर नव्हता. या दोहोंचा मेळ बसेना. मला ती हळूच म्हणाली, "बाहेर जाऊन ओकून टाकत असतील का गं?" संशयाला एकदा जागा दिली की तो पाय पसरतोच.

मग डॉक्टरबाईंनी ठरवलं की विषाणूलाच विचारायचं. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. विषाणू सतत स्वतःच्या नकला काढतो. घाईघाईने काढतो, म्हणून चुका करतो. बऱ्याचशा चुका त्याला बाधतात, पण एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळे औषध त्याला ओळखेनासं होतं. औषध चालू असेल तर तीच चूकवाली नक्कल टिकते आणि फोफावते. रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे विषाणूच्या जनुकांची माळ अक्षर न् अक्षर वाचतात आणि कुठे फेरफार झालाय ते सांगतात. त्यावरून कोणतं औषध चालेल, कोणतं नाही, ते कळतं.

"चुका करून पास होणारे माझ्याकडेही आहेत," मामा म्हणाला.

"आणि रुग्णाने गोळ्या घेतल्याच नसतील," बाई म्हणाल्या, "तर बहुतेक वेळा विषाणू साधासुधाच निघतो. ज्याने औषध पाहिलंच नाही, तो कशाला बदलेल?"

मामाचा चेहरा उजळला. आजवर कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि आता साक्षीला थेट आरोपीच्या घरातलाच माणूस उभा राहणार होता. परत येताना गाडीत तो नुसता फुलला होता. त्याच्या विषाणूचं अक्षरशः चरित्र लिहून येणार, असं त्याने वाटेत एका वाहतूक पोलिसालाही सांगितलं. फक्त विषाणू शब्द गाळून, त्यामुळे पोलिसाला वाटलं मामावर पुस्तक येतंय. तो बोलत होता आणि खिशातल्या डबीतून पेपरमिंटच्या गोळ्या तोंडात टाकत होता. मी एक मागितली.

"छे छे. या व्यावसायिक आहेत. विद्यार्थी अगदी शेजारी बसतो. मास्तरच्या तोंडाला वास येऊन कसं चालेल?"

मामा कंजूष नाही. मला जरा नवल वाटलं, पण तेवढ्यात त्याने राजदूताच्या बायकोची गोष्ट काढली.

निकाल यायला वेळ लागला. तोवर मामीने बहिणीला फोन करून पलंग रिकामा आहे का, हे विचारून ठेवलं होतं. मामाला ते कळलं होतं. त्या काळात त्याच्या थापा रोडावल्या. एका संध्याकाळी त्याने गाद्यांच्या दुकानाची गोष्ट सुरू केली आणि मधेच सोडून दिली. मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल भीती वाटली.

निकालाच्या दिवशी मामीने रजा घेतली आणि स्वतः आली. डॉक्टरबाईंच्या खोलीत दोनच खुर्च्या. मामा-मामी बसले, मी वजनकाट्याला टेकून उभी राहिले.

"एक फेरफार सापडलाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या गोळीतल्या तीन औषधांपैकी एकाला तो दाद देत नाही. पण मास्तर, या फेरफाराची एक गंमत आहे. तो विषाणूला जड जातो. औषध असेल तेव्हाच त्याला तो परवडतो. औषध थांबलं, की काही आठवड्यांतच साधे विषाणू त्याला मागे टाकतात आणि तो दिसेनासा होतो. तुमच्या रक्तात तो ठळक दिसतोय. म्हणजे औषध रोज पोटात जातंय. तुम्ही खरं बोलत होता."

मामा उठून उभा राहिला. "ऐकलंस? माझ्या विषाणूने साक्ष दिली! अक्षर न् अक्षर वाचून दिली!" तो माझ्याकडे वळला, मग वजनकाट्याकडे वळला, सगळ्यांना सांगून झालं. मामीने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते मला दिसलं नाही.

"बसा," बाई म्हणाल्या. "माझं संपलं नाही. त्या तिघांत एक औषध सगळ्यांत दणकट आहे. त्याच्याविरुद्ध एकही फेरफार नाही. ते रक्तात पुरेसं असतं तर विषाणूला डोकं वर काढता आलं नसतं. म्हणजे ते तुम्ही गिळता, पण रक्तापर्यंत पोहोचत नाही. वाटेत कुणीतरी अडवतंय. कॅल्शियम, लोह असलं काही घेता का?"

"नाही."

"आम्लपित्ताचं औषध?"

"नाही," मामा म्हणाला.

मामीने पदर खाली घेतला आणि हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"नुसतं नाही? राजदूताला आम्लपित्त होतं, मी त्याला बरं केलं, माझं पोट म्हणजे लोखंड... असलं काहीच नाही?"

मामाने घसा खाकरला. तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. जन्मभर लांबलचक थापा मारणारा माणूस खरोखरच काही लपवायची वेळ आल्यावर एका शब्दात आटोपला होता. मामी इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहिली होती. तिला माप कळत होतं.

"खिशात काय आहे?" तिने विचारलं.

"पेपरमिंट."

मामीने त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, डबी काढली, झाकण उघडलं आणि एक गोळी तोंडात टाकून कचाकचा चावली.

"खडू आहे," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी डबी घेतली. आत मोठ्या, पांढऱ्या, पुदिन्याच्या वासाच्या गोळ्या होत्या. त्यांनी एक मोडून पाहिली. "ही आम्लपित्तावरचीच आहे. यातली खनिजं त्या दणकट औषधाला पोटातच धरून ठेवतात. कधी घेता या?"

मामा आता जमिनीकडे बघत होता. "सकाळी गाडीत बसलो की. दोन, कधी तीन."

"म्हणजे घरून गोळी घेऊन निघालात की लगेच."

"लगेच."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मामी म्हणाली. "यांचं रक्त कुठल्या कुठे पाठवलं, अक्षरं वाचून घेतली, आणि चोर खिशात!" मग तिचा आवाज चढला. "मला का नाही सांगितलंत? मी बहिणीकडे पलंग तयार करायला सांगितला होता! जी थाप तुम्ही मारलीच नव्हती, तिच्यासाठी मी घर सोडून निघाले होते!"

उत्तर देताना मामाने आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही.

"भीती वाटते गं," तो म्हणाला. "त्या गाद्यांच्या दुकानापासून. रोज सकाळी गाडीचं दार उघडलं की पोटात आग पडते. तो पोरगा सरळ निघाला होता आणि माझा पाय उचललाच गेला नाही. नुसता बघत बसलो. पुढच्या वेळी गाद्यांच्या जागी कुणी माणूस असला तर? आता मास्तरच घाबरतो म्हटल्यावर शिकायला कोण येणार? आणि मास्तर घाबरला तर शिकणाऱ्याने काय करायचं? म्हणून पेपरमिंट."

त्यात राजदूत नव्हता, सत्कार नव्हता, काही नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि इतके दिवस मी त्या गोष्टीवर पोट धरून हसले होते. मामीने डबी बंद करून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि मग, डॉक्टरबाईंच्या समोर, नवऱ्याचा हात हातात घेतला. ती असलं कधी करत नाही.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "तुम्ही निघालात की रोज."

बाईंनी खिडकीबाहेर बघण्याचं सौजन्य दाखवलं. मग त्यांनी औषध बदललं नाही, वेळ बदलली: गोळी यापुढे संध्याकाळी, जेवताना. खडूच्या गोळ्या बंद. पोटासाठी त्यांनी वेगळी, मधे न येणारी गोळी दिली, आणि भीतीसाठी म्हणाल्या की तिच्यावर औषध आहे, पण आधी ती रोज कुणाला तरी सांगून बघा. मामाने हे जरा जास्तच मनावर घेतलं. तो विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला लागला, "मला तुमची भीती वाटते." दातांचे डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा हळू चालवायला लागले. त्या निवृत्त बाई मात्र दयेने त्याच्या डोळ्यांत बघत बसल्या, म्हणून त्यांच्यापुरती थाप पुन्हा चालू करावी लागली.

पुढच्या तपासणीत विषाणू पुन्हा सापडेनासा झाला. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला थांबले होते. मामाने ताट पुढे ओढलं, गोळी काढली, तळहातावर ठेवली आणि सवयीप्रमाणे मामीच्या नजरेची वाट बघत राहिला. मामी त्याच्याकडे पाठ करून कुणाच्या तरी पँटीची टीप उसवत होती.

"अगं, घेतोय हां मी."

"घ्या ना."

त्याने घेतली. पाणी प्यायला. मोठ्याने प्यायला. आ केला. मामी वळलीच नाही.

"बघितलं नाहीस तू."

"बघायचंय काय त्यात?" ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

मामा आ वासून तसाच बसला. मग त्याने तोंड मिटलं आणि माझ्याकडे झुकून, मामीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "आली का पंचाईत! आता कुणी बघत नसतानाही रोज घ्यावी लागणार."

त्याचे डोळे भरले होते. मी ताटात बघून जेवत राहिले.